दोराचं दुसरं टोक

ऑर्डर वाचून दाखवली तेव्हा मला हसू आलं. फौजेच्या नोकरीत बर्फ पाहिला, वाळू पाहिली, आसामात जळवांना रक्त पाजलं, आणि आता कंपनीचा सर्व्हायव्हल सराव कुठे, तर सूर्यमाळच्या रानात. म्हणजे मोखाडा तालुक्यात. म्हणजे माझ्या घरी. ज्या रानात लहानपणी गुरं राखली, तिथे मी आता नकाशा आणि कंपास घेऊन वाट शोधणार. सरकारचा खर्च, आपल्याला काय!

मी तेव्हा नायक होतो. पुढे हवालदार म्हणून रिटायर झालो आणि पाड्यावर येऊन बसलो. माझा बडी होता लान्स नायक बाळासाहेब, माण तालुक्यातला. बडी म्हणजे फौजेतला जोडीदार. जेवण जोडीने, पहारा जोडीने, शिक्षाही जोडीने. कंपनीत सगळे त्याला बाळ्या म्हणायचे. अंगाने आडवा, डावखुरा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. मी बोलायला कंजूष. त्यामुळे आमचं बरं चालायचं. तो बोलायचा, मी ‘हं’ म्हणायचो.

डिसेंबर होता. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला तंबू पडले. संध्याकाळी मेजर साहेबांनी फॉल इन घेतला.

“माचिस, लायटर, मोबाईल, खाना, सब जमा करो. अ‍ॅम्युनिशन नहीं मिलेगा. जोडी में निकलना है. गाँव के किसी आदमी से कोई मदद नहीं. कोई शक?”

“नो सर!”

मला शक होता. समोरच्या उतारावर आमच्या पाड्यातले दिवे दिसत होते. आई तिथे चुलीपुढे बसली असणार आणि तिचा मुलगा इथे, हाकेच्या अंतरावर, उपाशी झोपणार. जाऊन येऊ का म्हणून मी विचारलं नाही. फौजेत असलं विचारायचं नसतं. बाळ्या ग्राउंडशीटवर पडल्या पडल्या म्हणाला, “वळखलं का रं तुझ्या आईनं तुला हितनं?”

“झोप गप.”

“माझी आई असती तर वासावर आली असती.”

रात्री अवकाळी पाऊस शिंतडून गेला. फार नाही, दगड ओले होण्यापुरता.

सकाळी सराव शिकवणाऱ्या उस्तादने विस्तव पेटवायची शेवटची उजळणी घेतली. काठीचं धनुष्य करायचं. त्याच्या दोरीचा वेढा एका सरळ काडीला द्यायचा. काडी खाली फळीच्या खाचेत उभी करायची, वरून दगडाने दाबायची आणि धनुष्य करवतीसारखं पुढे-मागे ओढायचं. ताक घुसळताना रवी फिरते तशी काडी फिरते. खाचेत काळा भुगा पडतो, भुगा तापतो, आणि नशीब असेल तर त्याचा निखारा होतो. उस्तादकडे नायलॉनची दोरी होती. आम्हाला म्हणाला, दोरी जंगलात शोधा. मला त्यात अवघड असं काही वाटलं नाही. आमच्या पाड्यावर दोर विकत आणायची पद्धत माझ्या लहानपणी नव्हतीच. बैलाचं दावं, लाकडाच्या मोळीचा दोर, सगळं केवणीच्या, म्हणजे मुरडशेंगेच्या, सालीचं. बाप वळायचा आणि दुसरं टोक मी धरायचो.

दुपारपर्यंत सगळं सरळ चाललं. मी पुढे, बाळ्या मागे, रेडिओ सेट त्याच्या पाठीवर. दोन वाजून गेल्यावर आम्ही एका घळीच्या कडेने उतरत होतो. मागून बाळ्या काही बोलत होता, कसलं तरी लग्नातलं, कोणीतरी जेवणावरून रुसला होता. वाक्य मध्येच तुटलं. मग दगड गडगडल्याचा आवाज आला आणि खाली पाणी उडाल्याचा.

मी मागे पाहिलं तर वाट रिकामी.

खाली उतरलो. कसा उतरलो ते आता सांगता येत नाही. तळाशी डोह होता, कमरेइतका. बाळ्या निम्मा पाण्यात, निम्मा दगडावर. ओढून बाहेर काढला. डावी नडगी मोडली होती, ती तर दिसतच होती. पण तो पायाचं नाव काढत नव्हता. पोट धरून होता.

“आत कायतरी हाललंया,” एवढंच म्हणाला.

घळीच्या एका बाजूला कपार होती. त्याला तिथे कोरड्यात नेलं. सेट पाण्यातून निघाला होता. चालू केला, खरखर आली. आमच्या जोडीचा नंबर चार.

“कंट्रोल फॉर फोर. कॅज्युअल्टी. वन कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“फोर फॉर कंट्रोल. से अगेन युअर लोकेशन. ओव्हर.”

मी नकाशावरचा ग्रिड सांगायला लागलो. अर्धा आकडा तोंडात असतानाच दिवा विझला. बॅटरी काढली, पुसली, परत घातली. शांत. शिव्या दिल्या, तरी शांत. म्हणजे कोणीतरी जखमी आहे हे वर कळलं होतं, पण कुठे ते कळलं नव्हतं.

त्याचा मोडका पाय दोन काठ्यांमध्ये घेऊन बुटांच्या नाड्यांनी बांधला. माझी एक नाडी तेवढी उरली. त्याचे ओले कपडे काढले, माझी जर्सी त्याला घातली. तरी तो थडथडत होता. दातांचा आवाज कपारीत घुमत होता. मुंबईच्या लोकांना वाटतं आमच्याकडे कसली आलीय थंडी. एकदा डिसेंबरात सूर्यमाळच्या घळीत, ऊन गेल्यावर, ओल्या अंगाने बसा. मग बोलू.

मी हिशोब मांडला. वर चढायला तास, पाड्यावर जायला त्याहून जास्त, माणसं घेऊन परतायला अंधार. तोवर हा इथे एकटा.

“बाळ्या, मी वर जाऊन माणसं आणतो.”

त्याने माझी बाही धरली. इतका बडबड्या माणूस, पण त्या वेळी दोनच शब्द बोलला.

“जाऊ नगंस.”

मग मी ठरवलं. वर पार्ट्या शोधायला निघाल्या असणार. त्यांना जागा कळायला हवी, आणि ह्याला ऊब हवी. दोन्हीला एकच उपाय. विस्तव. पेटला तर धूर वर जाईल आणि हा जगेल. नाही पेटला तर अंधार पडल्यावर ह्या घळीत आम्हाला कोणी बघणार नाही.

कपारीत वाऱ्याने ढकललेला पाला होता, कोरडा खडखडीत. पाकोळ्यांची जुनी घरटी होती, त्यातलं गवत पेटायला चांगलं. पांगाऱ्याची एक वाळकी फांदी सापडली, ती चिरून फळी केली. कारवी तर सगळीकडे उभीच होती. एक वाळकी कारवी काडी म्हणून घेतली, एक ओली वाकवून धनुष्य केलं. उरलेली नाडी त्याला बांधली आणि ओढायला लागलो. नायलॉनची नाडी, काडीवरून नुसती सटकायची. जरा ताणून बांधली. धुराचा पहिला वास आला आणि नाडी तुटली. गाठ मारली, ती गाठच काडीत अडकायला लागली. परत तुटली. मी ते धनुष्य फेकून दिलं आणि पुन्हा जाऊन उचलून आणलं. फेकून कोणाला दाखवायचं होतं?

डोहाच्या वरच्या अंगाला केवण होती. पिळवटलेल्या शेंगा अजून लटकत होत्या. सुरीने साल काढली, वरची खरबरीत काढून टाकली, आतली पांढरी वेगळी केली. दगडावर बडवली, चिरून पट्ट्या केल्या. तो वाख, सालीचे ते धागे, मी अंगाशी, शर्टाच्या आत, थोडा वेळ धरला. पाणी जरा शोषलं गेलं.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकटाही वळतो माणूस, पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून, पण वेळ फार जातो. मी वाख मधोमध दुमडला.

“हात चालतायत का?”

“हात ठीक हायेत. काय करायचं?”

“हे अर्धं तू वळ, हे अर्धं मी. मांडीवर धरून पीळ दे, मग दोन पदर एकमेकांवर टाक.”

“मांडीवर! बरी हाय मांडी. खालचं गेलंय नुसतं.”

तो वळायला लागला. त्याचे दात वाजायचेही जरा कमी झाले, हाताला काम मिळाल्यावर. मी माझं अर्धं उरकलं, त्याने त्याचं. दोर धनुष्याला बांधला, काडीला वेढा दिला, ओढला. माझ्या बाजूचा दोर घट्ट होत गेला आणि बाळ्याच्या बाजूचा उकलत गेला. पिंजलेल्या कापसासारखे धागे सुटे झाले. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. डावखुरा! त्याने सगळा पीळ उलटा घेतला होता.

आमच्या पाड्यावर उलटा पीळ एकाच कामाला घेतात. तिरडीच्या दोराला. जित्या माणसाच्या कामाचा दोर उजवा, मेलेल्याचा डावा. लहानपणी मी खेळता खेळता एकदा डावा पीळ घेतला तर बापाने फाडकन कानाखाली दिली होती. त्या कपारीत माझ्या अंगावर काटा आला. तोंडातून निघून गेलं, “अरे, हा तर तिरडीचा दोर वळलास तू!”

बाळ्या हसला. हसताना पोट दुखलं म्हणून थांबला, आणि परत हसला.

“मग बरंच की रं. परत वळाय नको.”

“तोंड सांभाळ.”

“लेका धर्मा, आमच्या मान तालुक्यात दोर बाजारातनं आनत्यात. डावा का उजवा, दुकानदाराला बी ठावं नसतंय.”

मी त्याचं अर्धं सुरीने कापून विस्तवाच्या जागेत टाकलं. उरलेला सगळा वाख जोडून मी एकट्याने वळायला घेतला. बाळ्याला सांगितलं, तू पीळ देऊ नको. फक्त दुसरं टोक घट्ट धरून बस. मी बसलो चार हात लांब, त्याच्याकडे पाठ करून, कारण उजेड कपारीच्या तोंडाकडून येत होता. त्यामुळे तो मला दिसत नव्हता. दोराच्या ताणावरून तेवढा कळत होता.

दोर ताठ असला की मी वळायचो. ढिला पडला की हाक मारायचो.

“बाळ्या, धर.”

“धरलाय की.”

पुन्हा ताठ. पुन्हा ढिला.

“बाळ्या!”

“व्हय.”

“बोलत राहा. तो लग्नात कोण रुसला होता?”

“मामा. रस्सा पातळ झाला म्हून.”

“मग?”

“मग काय. मामीनं दुसऱ्या पंगतीला बसीवला. जेवला की गुमान.”

मी आयुष्यात बाळ्याला कधी ‘मग?’ म्हटलं नव्हतं. त्या दुपारी म्हणत राहिलो. मग मामी काय म्हणाली, मग नवरी कुठली, मग वरात कशी निघाली. वाक्यं तोकडी होत गेली. ताण कमी होत गेला. माझ्या बोटांची सालं निघाली होती आणि वाख लाल व्हायला लागला होता. एकदा दोर इतका ढिला पडला की मला मागे वळून बघायचं धाडस होईना. देवा, आत्ता नको, एवढंच म्हटलं. मग दोर हळूच ताणला गेला. त्याने टोक मनगटाला गुंडाळून घेतलं होतं.

दोर झाला. ह्या वेळी मी शहाणपण केलं. काडीला एक वेढा न देता पाच-सहा वेढे दिले, म्हणजे सालीचा दोर घसरत नाही आणि एकाच जागी झिजत नाही. ओढायला लागलो. खांदे भरून आले. धूर आला, थांबला, आला. घाम डोळ्यांत गेला. भुगा काळा झाला, मग खाचेतून आपला आपण धूर यायला लागला, मी ओढायचं थांबवल्यावरही. निखारा घरट्याच्या गवतात घेतला आणि फुंकला. पेटला.

बाळ्या बघत होता. “आयला,” म्हणाला, “फुकटचा!”

पाला घातला, काटक्या घातल्या, मग लाकूड. त्याला विस्तवाजवळ सरकवला. ओला पाला वर टाकला तसा पांढरा धूर घळीतून सरळ वर निघाला. आभाळ तेवढं मोकळं होतं. मी त्याचे पाय चोळले, हात चोळले. थडथड कमी झाली. मग थांबली. तोंडावर जरा रंग आला. मला वाटलं, जिंकलो.

“धर्मा, जरा लांब कर की. भाजतंय.”

“भाजू दे.”

“आरं, जित्ता भाजतूस का काय लेका?”

मी एक ओंडका मागे ओढला. त्याने डोळे मिटले. मी त्याला जागा ठेवायला परत तेच विचारलं, मामाचं. तो म्हणाला, “सांगितलं की मघा.” त्यानंतर काही बोलला नाही. मी हाका मारल्या. गालावर चापट्या मारल्या. मनगट धरून बसलो. नाडी लागत होती, मग लागेना.

थोड्या वेळाने वरून हाक आली. कंपनीची पार्टी नव्हती. माझा चुलतभाऊ सोमा होता, पाड्यातली दोन माणसं घेऊन. तो मला बघून जागीच थांबला. मी तालुक्यात आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

“तू हितं कसा रं? ह्या घळीत कोनी इस्तू करीत नाय. धूर दिसला तं आलो.”

मी हाताने बाळ्याकडे दाखवलं. सोमाने खाली बसून बघितलं आणि डोक्यावरचा टॉवेल काढला. त्यांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि आम्ही त्याला वर आणला. सरावाचा नियम होता, गावातल्या कोणाची मदत नाही. नियम गेला खड्ड्यात.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात आतल्या आत रक्त गेलं, विस्तवाने ते थांबत नसतं. एका अधिकाऱ्याने विचारलं, “मदतीला वर का गेला नाहीस?”

“बडी जाऊ नको म्हणाला, सर.”

त्यांनी लिहून घेतलं. मला त्या उत्तराची आजही लाज वाटत नाही.

आता मी थकलोय. गुडघे बोलतात, बोटांना थंडीत कळ लागते. शनिवार-रविवारी जव्हारला पर्यटक येतात. शिरपामाळ बघतात, फोटो काढतात आणि एका कॅम्पवर मुक्काम करतात. कॅम्पवाला मला निरोप धाडतो, फौजी काका, तेवढं जंगलातल्या दोराने आग पेटवून दाखवा. मी जातो. वाख काढतो, दोर वळतो, टोक धरायला कोणालातरी बसवतो. मोबाईल समोर धरून पोरंपोरी विचारतात, लवकर होईल ना? कधी कोणी विचारतं, काका, फौजेत याने कोणाचा जीव वाचला का? मी नाही म्हणतो. त्यांना ते आवडत नाही. मलाही आवडत नाही. किती रविवारी वाटलं, सोडून द्यावं हे. कशासाठी वळला होता तो दोर? माणूस तर गेलाच.

गेल्या हिवाळ्यात बाळ्याची आई आली. जागा बघायची म्हणून, इतक्या वर्षांनी. बरोबर बाळ्याचा धाकटा भाऊ होता. मी त्यांना खोडाळ्याला एसटीवरून उतरवून घेतलं. माझ्या आईने नाचणीची भाकरी घातली. दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींची भाषा धड कळत नव्हती, तरी चुलीपाशी बराच वेळ बसल्या होत्या. मग आम्ही घळीवर गेलो. खाली उतरणं तिला शक्य नव्हतं. काठावर एका दगडावर बसली.

भाऊ सारखा बोलत होता. गावात शहिदांचा फलक आहे, त्यावर बाळ्याचं नाव घेत नाहीत. लढाईत गेला नाही, सरावात गेला. कागदावर शहीद नाही. ह्या साहेबाला भेटलो, त्या पुढाऱ्याला भेटलो. बरोबरच होतं त्याचं. मी मान हलवत होतो.

आई ऐकत नव्हती. ती खाली बघत होती. मग माझ्याकडे वळली.

“एक इचारू? खरं सांगशील?”

“विचारा, आई.”

“गार लागत हुतं का रं त्येला?”

मेजर साहेबांनी विचारलं होतं, डॉक्टरांनी विचारलं होतं, कोर्टाने विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

“आधी लागत होतं, आई. फार लागत होतं. दात वाजत होते. मग विस्तव पेटला. मग नाही. शेवटी मला म्हणाला, लांब कर, भाजतंय.”

“भाजतंय म्हनला?”

“हो. जित्ता भाजतोस का म्हणाला. शिवी दिली मला.”

ती हसली. तोंडाला पदर लावून हसली.

“लबाड हाय. थंडीचं चुलीम्होरनं उठवत नसायचं मला त्येला. म्या भ्यालते रं. येवढी सालं रोज रातच्याला वाटायचं, माझं लेकरू गारठून गेलं आसंल.”

मग ती रडली. मीही रडलो, तिच्या शेजारी त्या दगडावर बसून, आणि आवरायचा प्रयत्न केला नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि आम्ही सावकाश पाड्याकडे निघालो.

लान्स नायक बाळासाहेब, माझा बडी. फलकावर त्याचं नाव नाही, म्हणून इथे लिहिलं.